वाटाण्याचं लंघन

शुक्रवार, १६ ऑगस्ट १९९१

सकाळपासून रिपरिप. पोट साफ.

एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात काढ्यांच्या भट्टीवर काढली. तिथे रोज वहीत लिहायचो: उकळी कधी आली, किती आटलं, खाली किती लागलं. निवृत्त झालो तरी हात थांबेना, म्हणून आता स्वतःचं पोट लिहितो. कुमुद म्हणते, "तुमची डायरी कुणी चोरली तर वाचून परत आणून देईल." मार्चनंतर तिला आज पहिल्यांदा थट्टा सुचली, म्हणून लिहून ठेवतो.

श्रावणातला पहिला शुक्रवार. जिवतीची पूजा. ही पूजा आईने करायची, मुलाच्या आयुष्यासाठी. आई मुलाला पाटावर बसवून ओवाळते आणि हातावर चणे-गूळ ठेवते. या वर्षी दिपाला कुमुदने ओवाळलं. दिपा आमच्या मुलीची मुलगी, दहा वर्षांची. तिचे वडील सुदामराव मस्कतला वेल्डर आहेत, ते मार्चमध्ये येऊन दिवस झाल्यावर परत गेले. आता पोर आमच्याकडेच. पाटावर मुकाट बसली, पण निरांजनाकडे बघेना. भिंतीकडे बघत राहिली. चणे-गुळाची वाटी घेऊन मागच्या पडवीत गेली आणि पाच मिनिटांत रिकामी वाटी घेऊन आली. मला फार बरं वाटलं. पाच महिन्यांत तिने ताटातलं काही एवढ्या लवकर संपवलेलं नाही.

पडवीत वाटाणा असतो. वाटाणा म्हणजे ससा, राखी रंगाचा, पोटाखाली पांढरा. दोन वर्षांपूर्वी दिपाच्या आईने आणला. नाव तिनेच ठेवलं, असंच का ठेवलं ते विचारायचं राहून गेलं. माझा विरोध होता. हे जनावर पहाटे स्वतःच्याच मऊ लेंड्या खातं, ते बघून मला मळमळायचं. पण आता त्याला घराबाहेर काढायचा विषयच नाही. दिपा आमच्याशी दिवसभरात जेवढं बोलते त्याच्या चौपट त्याच्याशी बोलते. मी जवळ गेलो की गप्प होते.

आहार: सकाळी चहा. दुपारी ताकभात, दोन घास. नंतर काही नाही. या वयात पोट हलकं असलेलं बरं.

शनिवार, १७ ऑगस्ट

वाटाण्याने सकाळचं गवत हुंगलंही नाही. लेंड्या मोजक्या, मिरीएवढ्या, एरवी हरभऱ्याएवढ्या असतात. पोटाला हात लावला तर तंग लागलं. मला निदानाला दोन मिनिटं लागली नाहीत. अजीर्ण. परवा मी वडाळे तळ्याकाठून गवत आणलं ते पावसाने भिजलेलं होतं, तेच बाधलं.

उपाय एकच. लंघनं परमौषधम्. भट्टीवर आमचे वैद्यबुवा रोज म्हणायचे, सगळ्या रोगांचं मूळ पोटात, आणि पोटाच्या सगळ्या रोगांना औषध म्हणजे रिकामं पोट. वैद्याशेजारी एकतीस वर्षं बसलेला माणूस अर्धा वैद्य होतोच. गवत उचललं, वाटी उचलली, नुसतं पाणी ठेवलं. पोटावर हिंगाचा लेप लावला.

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "करा तुमचं लंघन." आणि आत गेली. सूर मला आवडला नाही. का आवडला नाही ते लिहीत बसत नाही.

धुणं धुताना दिपाच्या फ्रॉकच्या खिशात चण्याची सालं निघाली म्हणून कुमुद कुरकुरत होती. पोरं ती पोरंच.

माझ्या घड्याळाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यायला हवं. चामडं सैल पडलंय.

आहार: दुपारी ताक.

रविवार, १८ ऑगस्ट

वाटाणा कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून बसला आहे. मधूनमधून दात करकर वाजवतो. लंघनाच्या दुसऱ्या दिवशी थोडा त्रास होणारच, आतला दोष पचत असतो. आणखी एक दिवस ताणायचं ठरवलं.

दिपा सकाळपासून त्याच्यासमोर फरशीवर बसलेली. मी ओव्याचं पाणी घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, त्याला भूक लागली असेल का?"

"नाही. लागली असती तर खाल्लं असतं."

"थोडंसं दिलं तर?"

"दिपा, भूक नसताना दिलेलं अन्न म्हणजे विष. नीट लक्षात ठेव. लंघन मोडलं की घात होतो."

तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "मग कधी द्यायचं?"

"भूक लागली की तो स्वतःच मागेल."

"आणि मागितलं की द्यायचं?"

मला एकाएकी उठावंसं वाटलं. पुढच्या ओटीवर जाऊन सुपारी कातरत बसलो. संध्याकाळपर्यंत कातरत होतो. घरात सुपारी खाणारं कुणी नाही.

आहार: कुमुदने दोनदा ताट वाढलं आणि दोनदा उचललं. भूक नव्हती.

सोमवार, १९ ऑगस्ट

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

पहाटे वाटाणा आडवा पडलेला. कान गार. कालपासून एकही लेंडी नाही. दिपा शाळेत जायला तयार नव्हती. कुमुदचा सोमवारचा उपास, ती आत खोबरं खवत होती. मी सशाच्या पोटावरून हात फिरवत असताना दिपाने मागून विचारलं. पाढा विचारावा तसं.

"आजोबा, आईलापण लंघनच दिलं होतं ना?"

आतलं खवणं थांबलं. मी मागे वळलो नाही.

"हो," म्हटलं.

"आणि ते मोडलं तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. मला ऐकायचं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीने हिशेब मांडून तो माझ्यापुढे धरला होता, आणि मला तो नको होता. वाटाण्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, भाजीच्या टोपलीत ठेवलं आणि छत्री न घेताच बाहेर पडलो.

गुरांच्या दवाखान्यात उदयसिंह म्हणून तरुण डॉक्टर आहेत, कोल्हापूरकडचे, पायात गमबूट. टोपलीत बघून म्हणाले, "काका, मी गाईम्हशींचा माणूस. सशाचं मला फार कळत नाही. पण बघतो." नळी लावून खूप वेळ ऐकलं. मग ती माझ्याच कानांत घातली. आधी बाहेर बांधलेल्या शेळीच्या पोटाला लावली. आत बैलगाडी चालल्यासारखा गडगडाट. मग वाटाण्याच्या पोटाला लावली.

काहीच नाही. कान दुखेपर्यंत ऐकलं. काही नाही.

"पोट वाजत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे चांगलं नव्हे. याचं पोट जात्यासारखं असतं, काका. वरून घास पडत राहिला तरच फिरतं. थांबलं की आतलं वाळतं, वारा धरतो, दुखायला लागतं. दुखतं म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट हलत नाही. किती दिवस उपाशी आहे?"

"आज तिसरा."

"म्हणजे आपणहून खात नाही?"

"आधी आपणहून. मग मी गवत काढून घेतलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच ठरवलं," म्हणालो. त्यांनी पाठ वळवून सलाईनची बाटली उचलली. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

कातडीखाली सलाईन दिलं, एक औषध दिलं, आणि सुया नसलेल्या दोन पिचकाऱ्या. गवत वाटून, पातळ करून दर दोन तासांनी भरवायचं. परळच्या कॉलेजात मित्र आहे, त्याला फोन करून ठेवतो म्हणाले. "वाचेल असं मी सांगत नाही. पण उपाशी ठेवलंत तर नक्की जाईल."

परत येताना उरण नाक्यावर भामा बसली होती. भामा माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरून रानभाज्या घेऊन येते. कुमुद तिच्याकडून टाकळा, कुर्डू घेते, त्यामुळे ओळख. टोपली बघून म्हणाली, "बाबा, काय आनलाव?" दाखवलं. तिने बोटाने त्याचं पोट दाबून पाहिलं.

"उपाशी ठेवला का याला?"

"पोट बिघडलं होतं, म्हणून ठेवला."

"कोन शाना बोलला तुमाला?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "आमी ससा पालत नाय, बाबा. आमी खातो. खोटं कशाला बोलू? मी लय ससं फाडलेत. पन एकाचं बी पोट रिकामं नाय गावलं. भर उन्हाल्यात, रानात हिरवी काडी नाय, तवा बी भरलेलं. ससा मरंल, पन पोट रिकामं ठेवनार नाय. त्याचं जगनंच तसं हाय."

माझ्या हातात तिने सावलीत वाळवलेल्या गवताची पेंढी दिली. ती भाज्यांच्या जुड्या बांधायला आणते त्यातली. म्हणाली, "वल्लं देऊ नका. हेच वाटा. आन् तोंडात म्होरून घालू नका, बाजूनं घाला. म्होरं दात हायत, बाजूला वाट हाय."

एकतीस वर्षं मी चरकाचं नाव घेत काढे ढवळले. ज्या बाईने ससे फाडले तिला ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

दुपारी पहिली पिचकारी. त्याने सगळी थुंकली. दिपाने फरशी पुसून काढली.

आहार: लिहीत नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

हे लिहायला तीनदा बसलो.

सकाळी आठची पिचकारी. कुमुदने वाटाण्याला जुन्या पातळात गुंडाळून मांडीवर धरलं, मी पिचकारी बाजूने घातली. माझा हात थरथरला आणि हिरवं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. तेव्हा दिपाने माझ्या हातातून पिचकारी घेतली. थेंबभर घालायची, थांबायची, त्याचा जबडा हलला की पुन्हा थेंबभर. अर्धी गेली पोटात. मी म्हणालो, "शाबास."

तशी ती रडायलाच लागली. पिचकारी हातात तशीच.

"आजोबा, गवत ओलं नव्हतं. मीच दिलं त्याला. जिवतीचे चणे. गूळ पण. सगळी वाटी. मला नको होतं ते, आजी ओवाळत होती तर मला..." हुंदक्यांमुळे पुढचं कळेना. मी म्हटलं, "अगं, तुला काय माहीत सशाला चणे बाधतात ते?" तिने मान जोरजोरात हलवली.

"आईलापण मीच दिलं होतं."

कुमुदने सशाला छातीशी घट्ट धरलं.

"तुम्ही तळ्यावर फिरायला गेला होतात. आईने मला हाक मारली. म्हणाली, थोडा वरणभात आण ना गं. मी म्हटलं, आजोबा नको म्हणालेत. ती म्हणाली, आजोबांना सांगायचं नाही. मी आणला. चार घास भरवले. दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. मी लंघन मोडलं म्हणून ती गेली. आता वाटाणा पण. दोन्ही वेळा मीच."

पाच महिने हे पोरीच्या पोटात होतं. आणि परवा, याच पडवीत, मी तिला सांगितलं होतं: लंघन मोडलं की घात होतो. नीट लक्षात ठेव.

आता लिहितोच. माधुरी. आमची मुलगी, माधुरी. मार्चनंतर हे नाव या वहीत आज पहिल्यांदा आलं. फेब्रुवारीअखेर तिचे डोळे पिवळे झाले. कुमुद म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, काविळीवर डॉक्टरकडे काय आहे? कुटकीचा काढा, लाह्यांचं पाणी, आणि लंघन. पाच दिवस. पाचव्या दिवशी सकाळी माधुरी मला म्हणाली, "बाबा, थोडा वरणभात द्या ना. खूप भूक लागली आहे." मी म्हणालो, "उद्या बघू." तिने मागितलं होतं. मी उद्या म्हणालो आणि उन्हाची छत्री घेऊन तळ्यावर फिरायला गेलो. सहाव्या दिवशी तिची शुद्ध हरपायला लागली, तेव्हा हॉस्पिटल. तिथे तीन दिवस. तिथले डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच गेलं होतं, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. हे वाक्य मी पाच महिने उराशी धरून बसलो होतो. काही सांगता आलं नसतं, म्हणजे वाचलीही असती.

दिपा माझ्याकडे बघत होती. सोमवारी ती मला हिशेब विचारत नव्हती. स्वतःचा गुन्हा विचारत होती, आणि मी टोपली उचलून पळालो होतो.

दोनच वाटा होत्या. लंघन बरोबर असेल तर पोरीने आईला मारलं. नाहीतर लंघन चूक. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मी तोऱ्यात चाललो ती चूक, आणि ती चूक माझी. मधली वाट मी शोधली नाही असं नाही. अशी वाट नव्हतीच.

मी खाली तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "दिपा, तू बरोबर केलंस. माझं चुकलं. तिला भूक होती. तिने मागितलं, आणि मी दिलं नाही. तू दिलंस. तू दिलंस म्हणून ती उपाशी गेली नाही."

"पण लंघन..."

"लंघन चुकीचं होतं. वाटाण्याचंही, तिचंही."

कुमुद म्हणाली, "मी बघितलं होतं तुला, बाळा. वाटी घेऊन जाताना. मीच तर भात शिजवून झाकून ठेवला होता. बघितलं आणि पाठ फिरवली. म्हटलं, जाऊ दे, खाऊ दे लेकीला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

"तिने खाल्ला?" मी विचारलं. "चारही घास?"

"चारही," दिपा म्हणाली. "वर लिंबाची फोड चोखली. हसली पण."

मला रडू आलं. बायकोसमोर, नातीसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दहाची पिचकारी चुकू नये म्हणून तिघंही उठलो.

बुधवार, २१ ऑगस्ट

आज मी दिपा लिहिते आहे. आजोबांनी सांगितलं कारण त्यांचा हात थरथरतो. ते म्हणाले जे दिसेल ते लिहायचं, मनाचं लिहायचं नाही.

सकाळी ६. एक पिचकारी. सगळी खाल्ली.

८. अर्धी. बाकीची थुंकली, आजीच्या साडीवर.

१०. एक पिचकारी. मग पोट हळूहळू चोळलं, पुढून मागे. मग पडवीत चालवलं. तीन पावलं चालला आणि बसला.

१२. अर्धी. दात वाजवले.

२. डॉक्टर घरी आले, सायकलवरून. नळी लावली. म्हणाले काहीतरी आहे. मला पण ऐकवलं. मला पाणी उकळताना येतो तसा आवाज आला, एकदाच. त्यांनी परळला फोन केला होता. चणे, गूळ, पोळी, भात कधीच द्यायचं नाही. मऊ लेंड्या खातो ते घाण नाही, ते त्याचं औषध आहे. आजोबांनी हे दोनदा विचारून घेतलं.

४. एक पिचकारी.

६. एक पिचकारी. लेंडी नाही.

आजोबा: सकाळी चहा. दुपारी नाही. ४ वाजता नाही. संध्याकाळी नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

काल दिपाने खाली माझंही लिहून ठेवलं आहे. वाचून हसू आलं. मुलांना एखादं काम लावून दिलं की ती थांबायचं नाव घेत नाहीत.

मला खरंच भूक नाही. मंगळवारपासून घास घशाखाली उतरत नाही. आणि उतरू नये हेच योग्य वाटतं. जो माणूस मुलीला उद्या म्हणाला त्याने आज कुठल्या तोंडाने जेवायचं? कुमुदला हे सांगितलं नाही. सकाळी उठताना भिंत धरावी लागली. पावसाळी हवेने सांधे धरतात.

पण आजची खरी नोंद ही. पहाटे साडेपाचला पडवीत गेलो तर टॉवेलवर एक लेंडी. मिरीएवढी, वेडीवाकडी, केसांत गुरफटलेली. हातावर घेतली, उजेडात धरून पाहिली. भट्टीवरून सुवर्णभस्म उतरलं असतं तरी मी इतकं निरखून पाहिलं नसतं. दिपाला उठवलं. ती अनवाणी धावत आली आणि माझ्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईला सांगायला हवं होतं." आणि पहिल्यांदाच ते वाक्य घरात असंच पडून राहिलं, कुणी विषय बदलला नाही. कुमुद म्हणाली, "तिने डबीत भरून ठेवली असती." दिपा हसली.

दुपारपर्यंत आणखी सात. चार वाजता वाटाण्याने भामाच्या पेंढीतली एक काडी स्वतः ओढली आणि टोकापासून टोकापर्यंत खाल्ली. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो.

नाक्यावर जाऊन भामाला सांगून आलो. म्हणाली, "जगला का? बरा झाला. आता तुमी पन जरा खात जा, बाबा. हाडं दिसतात." मी म्हटलं, वयच झालं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

श्रावणातला दुसरा शुक्रवार. उघडीप.

पहाटे वाटाणा मान पोटाखाली घालून मऊ लेंड्या खाताना दिसला. मी तिथेच बसून राहिलो. मळमळलं नाही. डॉक्टरांचा निरोप: धोका टळला असं आठवडाभर समजू नका, गवत समोरून हलता कामा नये. हलणार नाही.

जिवतीची पूजा झाली. कुमुदने तबक उचललं तेव्हा दिपा म्हणाली, "आजी, आईचा फोटो इथे ठेवू या का?" मार्चमध्ये मी तो कपाटात ठेवला होता, चादरींच्या खाली. मीच काढून आणला आणि पाटासमोर ठेवला. कुमुदने ओवाळलं. या वेळी दिपा निरांजनाकडे बघत होती. चणे-गुळाची वाटी घेऊन पडवीत गेली. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. दारातून पाहिलं. वाटाण्याने नाक हलवत मान वर केली. तिने वाटी उंच धरली. "हे तुझं नाही," म्हणाली. त्याच्यासमोर गवताची काडी धरली आणि चणे स्वतः खाल्ले. एकेक, सावकाश, सगळे.

दुपारी पानं मांडली. वरण, भात, लिंबाची फोड. कुमुदने वाढलं. मी म्हणालो, "मला नको, भूक नाही." या वेळी तिने ताट उचललं नाही. माझ्या समोर तसंच वाफाळत राहिलं. मी वरणभाताकडे बघत होतो आणि मला ती सकाळ दिसत होती. उद्या बघू.

दिपा तिच्या पानावरून उठली. हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या ताटातला भात तिने बोटांनी कालवला. लिंबू पिळलं. लहानसा घास केला, सशाला पुरेल एवढा, आणि माझ्या ओठांशी आणला. समोरून नाही, बाजूने.

"दिपा, मला भूक नाही गं."

"भूक लागायची वाट बघायची नसते, आजोबा," ती म्हणाली. "थांबलं की दुखतं. मग खाता येत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. सकाळी सहाच्या पिचकारीला असतो तसाच चेहरा. जबडा हलतो का ते बघत थांबलेला.

मी तोंड उघडलं.

पहिला घास उतरायला फार वेळ लागला. तिने घाई केली नाही. उतरला तेव्हा दुसरा केला. चौथ्या घासाला ती क्षणभर थबकली. मीही थबकलो. कुमुद पदराने डोळे पुसत होती. मग दिपाने पाचवा घास केला.

आहार: दुपारी वरणभात, लिंबू. नऊ घास.